बेर्टाबाईंचा घाट

दर वर्षी स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन आला की मी 'या वेळी नक्की' म्हणतो आणि मग कुठल्यातरी प्रोजेक्टच्या 'गो-लाइव्ह'आड लपतो. या वर्षी मात्र लिहायला बसलो, कारण उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर अण्णा आमच्याकडे हायडेलबर्गला आले होते. माझे वडील एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जुन्नर भागात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं गाडी चालवली. तालुक्याच्या पश्चिमेला, आपटाळे, घाटघरच्या बाजूला, तेव्हा मुरुमाचे रस्ते होते. पावसाळ्यात त्यांचा चिखल व्हायचा, उन्हाळ्यात धुरळा, आणि मुक्कामाची गाडी मात्र रोज जायला हवी.

अशा माणसाला हायडेलबर्गमध्ये काय दाखवायचं? किल्ला, जुना पूल, फिलॉसॉफेनवेग हे सगळं तीन दिवसांत संपलं. अण्णांचं लक्ष पुलापेक्षा बसकडे. "एवढ्या अरुंद गल्लीत एवढी लांब गाडी वळवली, हाताचा मान आहे." मग विचारलं, "इथं कच्चा रस्ता, घाटाचा, कुठं आहे का रे? डांबर बघून कंटाळा आला."

आता आली पंचाईत. आमच्या मागचा कोनिगश्टूल ५६८ मीटर उंच, त्यावर जंगलातल्या मातीच्या वाटा भरपूर, पण तिथं खासगी गाडी न्यायला बंदी. या देशात कच्च्या रस्त्यावर गाडी घालायची तर शेतकरी किंवा वनखात्याचा माणूस तरी असायला हवं. शेवटी मी त्यांना म्हटलं, "आजचा कच्चा रस्ता दाखवता येत नाही, पण जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास ज्या कच्च्या रस्त्यानं झाला, तो आपल्या दारावरून जातो. आणि तो एका बाईनं केला."

खरं सांगायचं तर ही माहिती मलाही उशिराच झाली. २००३ साली मी मास्टर्स करायला जर्मनीत आलो, मग वालडॉर्फच्या परिसरात एसएपीची कामं करत राहिलो. आपल्यातले निम्मे लोक त्याच वीसलोख-वालडॉर्फ स्टेशनवर उतरतात. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानासमोर एक स्मारक आहे. त्यासमोर उभं राहून मी कित्येकदा आईसक्रीम खाल्लं असेल, पण पाटी कधी वाचली नव्हती.

गोष्ट १८८८ सालच्या ऑगस्टमधली. कार्ल बेंझ हे नाव आपल्याला मर्सिडीजच्या बिल्ल्यावरून ठाऊक असतं. बायकोचं नाव बेर्टा, माहेरची रिंगर. जन्म ३ मे १८४९, गाव फोर्त्सहाइम, वडील बांधकामातले सुतार. घरच्या बायबलमध्ये मुलांच्या जन्माची नोंद करायची पद्धत होती. बेर्टाच्या जन्माच्या वेळी 'दुर्दैवानं पुन्हा मुलगीच' अशा अर्थाची ओळ लिहिली गेली आणि थोडी मोठी झाल्यावर तिनं ती स्वतः वाचली, असं सांगतात. यावर आपण युरोपीय लोकांना हसायचं कारण नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकोशी', 'नकुसा' अशी नावं असलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली होती.

१८७२ साली बेर्टाचं कार्लशी लग्न झालं. लग्नाआधीच तिनं आपला हुंडा आगाऊ मागून घेऊन कार्लच्या बुडत्या कारखान्यात घातला होता. त्याच्या भागीदाराचा हिस्सा त्या पैशातून विकत घेतला गेला. हुंडा सासरच्यांच्या घशात न जाता इंजिनात गेल्याचं एवढं स्वच्छ उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. पण लग्न झालं, आणि त्या काळच्या कायद्यानं बाईच्या पैशाचा कारभार नवऱ्याकडे गेला. पुढे १८७९ च्या वर्षअखेरीच्या रात्री, घरात खायची भ्रांत असताना, दोघांनी वर्कशॉपमध्ये जाऊन ते इंजिन पहिल्यांदा चालू करून पाहिलं. २९ जानेवारी १८८६ रोजी मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज झाला. पेटंटचा क्रमांक ३७४३५ आणि नाव फक्त कार्लचं.

गाडी तर झाली, पण घेणार कोण? लोक यायचे, बघायचे, हसायचे. कार्लसाहेबांचा स्वभाव आपल्या काही डेव्हलपर मंडळींसारखा. अजून थोडी सुधारणा, अजून एक चाचणी, मग रिलीज. गाडी मानहाइमच्या आसपास फिरायची. लांब गेली तर मोडेल, ही भीती. बेर्टाच्या लक्षात आलं होतं की गाडी लांब जाऊ शकते हे जोवर कोणी जाऊन दाखवत नाही, तोवर ती विकली जाणार नाही.

शाळेला सुटी लागली होती. एका पहाटे नवरा झोपलेला असताना तिनं मोठ्या दोन मुलांना, पंधरा वर्षांच्या ऑयगेनला आणि तेराच्या रिखार्डला, बरोबर घेतलं, तीन चाकी गाडी ढकलत बाहेर काढली, आणि आजीला भेटायला फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. मानहाइमहून हायडेलबर्गला १८४० पासून आगगाडी होती, तेव्हा आजीकडे जायला वाहन नव्हतं असं मुळीच नाही. रेल्वे सोडून ही बाई मुद्दाम कच्च्या रस्त्यानं निघाली.

आम्हीही एका रविवारी सकाळी निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी अण्णा, मागे बायको आणि आमची लेक, वय बरोबर तेरा. २००८ साली या मार्गावर 'बेर्टा बेंझ स्मृतिमार्ग' म्हणून पाट्या लावल्या गेल्या. जाताना एक वाट, येताना दुसरी, मिळून १९४ किलोमीटर. महामार्ग टाळून जुन्या गावागावांतून जाणारा रस्ता आहे. नॅव्हिगेशनवाली बाई दर पाच मिनिटांनी 'यू-टर्न घ्या' म्हणत होती, तिला बंद केलं.

मानहाइम म्हणजे सिडकोच्या सेक्टरांसारखं अक्षरं-आकड्यांत वाटलेलं शहर. तिथून लाडेनबुर्ग, श्रीसहाइम, डोसेनहाइम करत रस्ता ओडेनवाल्डच्या डोंगराला लागतो आणि त्याच्या पायथ्यानं दक्षिणेकडे वळतो. हीच बर्गश्ट्रास, डोंगरकाठचा रस्ता. नदीकाठच्या दलदलीपासून दूर, उताराच्या कोरड्या कडेनं जाणारी ही वाट रोमन काळापासून वापरात आहे. डावीकडे द्राक्षमळे, उजवीकडे ऱ्हाईनचं सपाट खोरं, आणि समोर नेकर नदी ओलांडली की आमचं हायडेलबर्ग. आज इथून ट्राम जाते. १८८८ मध्ये इथं खडी दाबून केलेला रस्ता होता, आणि तोही बैल-घोड्यांच्या गाड्यांसाठी. रेल्वे आल्यापासून लांबचा माल तिकडे गेला होता, रस्त्यावर उरल्या होत्या त्या गावकऱ्यांच्या गाड्या. त्यांच्या लोखंडी धावांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधोमध घोड्यांच्या टापांनी उखडलेला पट्टा.

हे सांगितल्याबरोबर अण्णा म्हणाले, "थांब. तीन चाकी म्हणालास ना? मागची दोन चाकं चाकोरीत बसतील, पण पुढचं एकटं चाक मधल्या खडबडीत. दिवसभर हाताला हिसके बसले असणार."

इतकी वर्षं या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात हा मुद्दा मला कुठं दिसला नव्हता. कार्लला दोन चाकं एकाच वेळी नीट वळवण्याची यंत्रणा तेव्हा समाधानकारक जमली नव्हती, म्हणून त्यानं पुढं एकच चाक ठेवलं. कागदावर उत्तम तोडगा. पण तो कच्च्या रस्त्यावर हाताला कसा लागतो हे कळायला सुकाणूचा दांडा धरावा लागतो. (त्या गाडीला गोल स्टिअरिंग नव्हतं, दांडा होता.)

वीसलोखला पहिला थांबा. इंजिन दोन-अडीच अश्वशक्तीचं, वेग ताशी जेमतेम १६ किलोमीटर, पेट्रोलची टाकी अशी नव्हतीच. कार्ब्युरेटरमध्ये मावेल तेवढं, साडेचार लिटरच्या आसपास, इंधन. ते संपत आलं. पेट्रोल पंप ही कल्पनाच जन्माला यायची होती. बेर्टाला माहीत होतं की लिग्रोइन नावाचा द्रव इंजिनात चालतो आणि कपड्यांवरचे डाग काढायला तो औषधाच्या दुकानात मिळतो. विली ओकेल या दुकानदाराकडून तिनं तो घेतला. डाग काढायला एवढं लिग्रोइन कशाला लागतं, हा प्रश्न त्या गृहस्थांना पडलाच असेल. आज 'जगातला पहिला पेट्रोल पंप' म्हणून ते दुकान मिरवतं. अण्णांनी स्मारकाशी उभं राहून फोटो काढून घेतला आणि विचारलं, "डिझेलचं कूपन कुणाच्या सहीनं?"

इंधनापेक्षा पाण्याचा त्रास जास्त होता. आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि त्याबरोबर उष्णता जायची. म्हणजे पाणी सतत घालत राहायचं. विहीर, ओढा, खानावळ, जे दिसेल तिथं थांबायचं. हे मी अण्णांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या काळी घाट चढून आलं की बॉनेट उघडायचं, झाकणावर ओलं फडकं टाकून तोंड बाजूला करून ते सैल करायचं, आणि वस्तीवरच्या एखाद्या म्हातारीकडून घागरभर पाणी आणायचं. "पाणी देणारी माणसं ठरलेली असतात," ते म्हणाले. बेर्टाबाईंची माणसं मात्र ठरलेली नव्हती. घोड्याविना धडधडत येणारी गाडी पाहून लोक घाबरायचे की पाणी आणायला धावायचे, हे प्रत्येक गावात नव्यानं ठरायचं.

वाटेत इंधनाची नळी चोक झाली. तिनं टोपीची लांब पिन काढून ती मोकळी केली. इग्निशनच्या वायरचं आवरण घासलं गेलं, तेव्हा पायमोजा वर धरून ठेवणारा पट्टा काढून तो त्यावर गुंडाळला. ब्रुखसालला एका लोहारानं साखळी दुरुस्त करून दिली. हे किस्से जर्मनीतल्या प्रत्येक शाळकरी पुस्तकाला आवडतात, आणि मला त्यांचा थोडा रागच येतो. कारण पिन आणि पट्ट्याच्या गमतीत मुख्य गोष्ट हरवते. नळी कुठं चोक होते आणि वायर कुठं घासते हे तिला कळलं, म्हणजे ती गाडी तिला आतून-बाहेरून ठाऊक होती. टोपीची पिन त्या काळात हजारो बायकांकडे होती.

ब्रुखसालच्या आसपास डावीकडे क्राइखगाउ सुरू होतो. हा टेकड्यांचा मुलूख आहे आणि त्याची माती म्हणजे लोएस, हिमयुगात वाऱ्यानं आणून टाकलेली पिवळसर, पिठासारखी बारीक. या मातीत जुन्या गाडीवाटा शेकडो वर्षांत चाकांनी आणि पावसानं कापल्या जाऊन खोल खंदकासारख्या झाल्या आहेत. जर्मनमध्ये त्यांना 'होलवेग' म्हणतात. काही ठिकाणी दोन्ही बाजूंना डोक्याच्या कितीतरी वर मातीची उभी भिंत आणि वर झाडांची कमान असते. अण्णांना हवा असलेला कच्चा रस्ता शेवटी असा सापडला. गाडी गावाबाहेर लावून आम्ही चालत गेलो.

अण्णा पाच-दहा मिनिटं काही बोलले नाहीत. बुटाच्या टाचेनं माती दाबून पाहिली, चिमूट हातात घेऊन चोळली. म्हणाले, "मुरूम धरतो, ही धरायची नाही. पाऊस झाला की साबण. उतारावर गाडी आडवी होईल." मग भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "बैलगाडीचे कणे घासलेत इथं." ते खरंच कण्यांचे ओरखडे होते की मुळांचे, मला कळलं नाही. पण सातासमुद्रापलीकडच्या एका गाडीवाटेशी ते ओळखीच्या माणसासारखे बोलत होते, एवढं खरं.

तिथंच लेकीनं विचारलं, "आपल्याकडे अशी कोण बाई होती का?" मुलं असा प्रश्न विचारतात तेव्हा आपण पटकन एखादं मोठं नाव सांगून मोकळे होतो. मला मात्र दोन घाट आठवले.

एक आमच्या गावचा, नाणेघाट. जुन्नरच्या बाजारपेठेला कोकणातल्या बंदरांशी जोडणारी सातवाहन काळातली वाट, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कडा फोडून केलेल्या खिंडीच्या तोंडाशी एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, आणि तो सातवाहनांच्या एका राणीचा, नागनिकेचा, मानला जातो. तिनं आणि राजानं केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची यादी त्यात आहे, आणि आपल्या देशातले सर्वांत जुने लिहिलेले आकडे ज्या मोजक्या ठिकाणी सापडतात, त्यांतलं हे एक. आकड्यांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनी तिथं नमस्कारच करायला हवा. गुहेत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज त्यांची फक्त पावलं शिल्लक आहेत आणि वर कोरलेली नावं. खिंडीच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

दुसरा बोरघाट. खंडाळ्याच्या या घाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता १८३० साली खुला झाला, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात. पुढे रेल्वे आली, २५ बोगदे, ८ मोठे पूल, आणि हजारो मजूर. किती मेले याचा हिशेब आजही नीट लागत नाही. घाटाची वाट एका धनगरानं इंग्रजांना दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी लोककथा आहे. त्या शिंग्रोबाच्या देवळाशी ट्रकवाले आजही नाणं टाकतात. अण्णाही टाकायचे. पण शिंग्रोबाची गोष्ट सांगणाऱ्यांना ॲलिस ट्रेडवेल सहसा ठाऊक नसते. घाटाचं काम आधीच्या ठेकेदारानं सोडल्यावर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारानं वारला. त्याच्या बायकोनं परतीचं जहाज धरलं नाही. ठेका तिनं स्वतःकडे ठेवला, दोन अनुभवी इंजिनिअर कामावर देखरेखीला नेमले, आणि १८६३ मध्ये घाट पुरा झाला. तिनं त्या कामाचे फोटोही काढले. लहानपणापासून आपण सगळे त्या घाटातून कर्जत स्टेशनचे वडे खात गेलो, पण हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते हायडेलबर्गला राहायला आल्यावर.

लेकीनं हिशेब केला, "म्हणजे बेर्टाच्या पंचवीस वर्षं आधी." आणि मग, "तिच्या नावाची पाटी आहे तिथं?" मी म्हटलं, बघायला हवं.

परत गाडीत बसलो. ग्रोत्सिंगनहून रस्ता फिन्त्स नदीच्या खोऱ्यात शिरतो आणि मग खरा चढ-उतार सुरू होतो. आपल्या सह्याद्रीपुढे हे चढ म्हणजे काहीच नाहीत. माळशेजच्या माणसाला दाखवले तर तो 'घाट कधी लागणार' असं विचारेल. पण अडीच अश्वशक्तीच्या, दोनच गिअर असलेल्या गाडीला तेवढे पुरे होते. चढ आला की इंजिनाचा दम सुटायचा. मग एकानं दांडा धरायचा आणि बाकीच्यांनी उतरून मागून ढकलायचं. पंधरा आणि तेरा वर्षांची पोरं, आणि लांब घेराचा झगा घातलेली एकोणचाळीस वर्षांची त्यांची आई, ऑगस्टच्या उन्हात.

"चढाचं ठीक आहे," अण्णा म्हणाले. "चढावर गाडी थांबते, चाकामागं दगड लावला की झालं. उताराचं सांग. उतरवली कशी?"

हा ड्रायव्हरचा प्रश्न. ज्या गिअरात चढवायची त्याच गिअरात उतरवायची, न्यूट्रल करायची नाही, आणि ब्रेक शेवटासाठी राखून ठेवायचा, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. बेर्टाच्या गाडीचा ब्रेक म्हणजे लिव्हर ओढला की मागच्या चाकांवर घासणारे लाकडी ठोकळे. सपाटीवर ठीक. उतारामागून उतार आले तसे ते लाकूड झिजलं, ब्रेक धरेना. तेव्हा बाउशलोट गावात तिनं एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचा पहिला लायनर तो. आज तुमच्या-आमच्या प्रत्येक गाडीत, एसटीतसुद्धा, असतो तो. धातू किंवा लाकूड टिकवायचं, आणि झिजायला वेगळा, बदलता येणारा थर द्यायचा. हे कारखान्यात ड्रॉइंग बोर्डवर सुचलं नाही, रस्त्यावर उतारात सुचलं.

अण्णांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली. डेपोत लायनर बदलायला टाकलेल्या गाडीखाली त्यांची किती दुपार गेली असेल. ते नुसतेच समोरच्या उताराकडे बघत बसले. मग म्हणाले, "चांभाराचं नाव आहे का कुठं?" नाही, म्हटलं.

अंधार पडता पडता तिघं फोर्त्सहाइमला पोचले, धुळीनं आणि तेलानं माखलेले. बेर्टानं नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी बाउशलोट, ब्रेटन, ब्रुखसाल, होकेनहाइम, श्वेत्सिंगन अशा दुसऱ्या वाटेनं गाडी परत मानहाइमला आणली. परत आल्यावर तिनं आणि मुलांनी सांगितलेल्या त्रुटींतली मुख्य अशी की चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा. कार्लनं तो बसवला. त्याच सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं, आणि पुढच्या वर्षांत बेंझचा कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांपैकी एक झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर उत्पादन कार्लचं, पण युजर टेस्टिंग बाईंचं, आणि तेही प्रत्यक्ष रस्त्यावर.

आम्ही पोचलो ते फोर्त्सहाइम तिनं पाहिलेलं नव्हे. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात हे शहर वीस-बावीस मिनिटांत जळून गेलं, १७ हजारांहून जास्त माणसं मेली. सोनारांचं गाव, आजही दागिने-घड्याळांसाठी प्रसिद्ध, पण इमारती बहुतेक पन्नास-साठच्या दशकातल्या. बायकोला दागिन्यांची दुकानं रविवारमुळे बंद मिळाली, याबद्दल मी इतिहासाचा ऋणी आहे.

परतताना लाडेनबुर्गला थांबलो. बेंझ कुटुंब उतारवयात इथं राहायला आलं होतं. त्यांच्या जुन्या कारखान्यात आता मोटारींचं संग्रहालय आहे. कार्लला कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यापीठानं १९१४ साली मानद डॉक्टरेट दिली. तो १९२९ मध्ये गेला. बेर्टा त्यानंतरही पंधरा वर्षं होती. १९३५ मध्ये मानहाइम-हायडेलबर्गचा ऑटोबान तिच्या डोळ्यांदेखत झाला. त्याच कार्ल्सरूहच्या विद्यापीठानं तिला मानद सिनेटर केलं, ते ३ मे १९४४ रोजी, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी. दोन दिवसांनी, ५ मे रोजी, ती वारली. म्हणजे नवऱ्यानंतर तीस वर्षांनी. जर्मन लोक वेळेचे पक्के असं आपण म्हणतो.

संग्रहालयात तीन चाकी गाडीसमोर अण्णा बराच वेळ उभे होते. ब्रेकचा लिव्हर, साखळी, दांडा सगळं वाकून बघितलं. मग एकदम म्हणाले, "मंदाला फोन लाव."

मंदाताई माझी थोरली बहीण. ही गोष्ट लिहावी की नाही असा विचार केला, ताईला विचारलं, ती म्हणाली लिही. ती सतरा वर्षांची असताना तिनं अण्णांकडे हट्ट धरला होता की मला गाडी शिकवा. शेजारच्या काकांची जीप होती, अण्णांना एक शब्द टाकायचा अवकाश. अण्णांनी सरळ नाही म्हटलं. "गाडी हे बाईचं काम नाही," एवढंच. दोन वर्षांनी मला शिकवली, त्याच जीपवर, घाटघरच्या रस्त्याला. पहिल्या दिवशी मी ती शेतात घातली, तेव्हा ताई बांधावर उभी होती. पुढे ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, डोंगरातल्या वाड्यांवर बदल्या झाल्या, आणि कित्येक वर्षं ती जीपच्या मागच्या टपाला लोंबकळत शाळेत गेली. २०१९ मध्ये एसटीनं महिला चालकांना प्रशिक्षण देणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा अण्णांनी पेपर घडी घालून ठेवून दिला, म्हणाले काहीच नाहीत. २०२३ मध्ये एसटीच्या गाडीवर पहिल्यांदा बाई चालक बसली, तो व्हिडिओ ताईनंच फॅमिली ग्रुपवर टाकला होता. खाली सगळ्यांचे अंगठे आले. अण्णांचा आला नाही. आम्ही समजलो की त्यांना टाकता आला नसेल.

आता लाडेनबुर्गच्या त्या संग्रहालयात मी व्हिडिओ कॉल लावला. भारतात रात्र झाली होती, ताई भांडी आवरत होती. अण्णांनी फोन हातात घेऊन गाडीकडे वळवला आणि एसटीच्या आवाजात, म्हणजे मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली. तीन चाकं, मधलं चाक चाकोरीबाहेर, पाणी, चढ, मग उतार. चांभाराकडून चामडं ठोकून घेतल्याचं दोनदा सांगितलं. सुरक्षारक्षक एकदा येऊन बघून गेला.

"लायनर बाईनं काढलाय, मंदा," ते म्हणाले. "तीस वर्षं मी वापरला, मला माहीत नव्हतं."

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अण्णा, स्वेटर घातलाय का? तिकडं गार असतं म्हणे."

अण्णा म्हणाले, "घातलाय. मी पुढच्या महिन्यात येतोय. दिन्याची मारुती मागून ठेव. सकाळी सहाला, रस्त्याला गर्दी नसते तेव्हा."

"मी आता बावन्न वर्षांची आहे अण्णा."

"ती एकोणचाळीसची होती, पण तिला ब्रेक नव्हता," अण्णा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.